रंकाळ्याला भरती नसते

सीपीआरच्या दारात दुपारी बारा वाजता सांगितलं,
रिपोर्ट पाचला.
निवतीचे गुणाजी तांडेल, वय सत्तरीच्या पुढं,
माझ्या रिक्षात बसले. मांडीवर पिशवी,
पिशवीत केसपेपर, पाण्याची बाटली
आणि सुक्या बांगड्यांचा वास.
सून म्हणाली, "यांना जरा फिरवून आणा हो,
इथं नुसते त्या दाराकडं बघत बसतात."

म्हटलं, आबा, काय दाखवू?
पन्हाळा लांब पडंल, जोतिबाला पायऱ्या,
न्यू पॅलेसला आज सोमवारची सुट्टी.
चौपाटीवर जाऊया?
म्हातारा दचकला.
"हंय दर्या आसा?"

बावीस वर्षं मी माणसांना रंकाळ्यावर आणतोय,
बावीस वर्षं चौपाटी म्हणतोय.
भेळेच्या गाड्या हायत, कणसं हायत,
घोड्याची चक्कर हाय,
पोरं पाण्याकडं पाठ करून फोटो काढतात.
आणखी काय लागतं चौपाटीला?

तांडेल कठड्याशी उभे राहिले.
हंसाच्या होडीला बोटानं टकटक केलं,
लहान मुलाचं पोट डॉक्टर वाजवतात तसं,
काहीच बोलले नाहीत.
मग वाकून पाण्यात हात घातला, बोटं तोंडाकडं न्यायला लागले.
मी ओरडलो, आबा, नगो! गावाचं सांडपाणी येतंय!
त्यांनी नुसता वास घेतला.
"ह्या पाणी निजलेला," म्हणाले,
आणि लेंग्याला हात पुसले.

मी संध्यामठ दाखवला, म्हणजे जिथं असतो ती जागा.
आता बुडालाय, मे महिन्यात पाणी उतरलं की दिसतोय.
"सुकतीक दिसता तर."
सुकती न्हाई आबा, उन्हाळा.
"मगे वर्साक एक सुकती. तुमचो दर्या आळशी."
पहिल्यांदा हसले. वरचे दोन दात नव्हते.

मग नंदीची गोष्ट सांगितली, सगळ्यांनाच सांगतो:
गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं,
रंकाळ्यापर्यंत पोचला की जग बुडणार म्हणतात.
एरवी गिऱ्हाईक इथं मोबाईल काढतं.
तांडेल नंदीसमोर बराच वेळ उकिडवे बसले.
"कितको पुढे इलो आतापर्यंत?"
कुणी मोजलंय, आबा.
"गेल्या येळेक डॉक्टर म्हणालो, गव्हायेवढी आसा,"
असं म्हणून गळ्याला हात लावला,
आणि मला म्हणाले, चल, च्या पिऊया.

चहावर नाव विचारलं. सिकंदर, म्हटलं. सिकंदर जमादार.
"सिकंदर! म्हंजे तू सगळा जग बघलंस."
न्हाई ओ. समुद्रसुद्धा बघितला न्हाई अजून.
एकदा गगनबावड्यापर्यंत भाडं घेऊन गेलतो,
करूळ घाटाच्या तोंडाशी नुसतं धुकं.
खाली कोकण आहे हे पाटीवर वाचलं
आणि रिक्षा वळवली.

तांडेल उठले. डोळे मिटून तोंड वाऱ्याला दिलं,
एक गाल, मग दुसरा,
आणि शालिनी पॅलेसच्या मनोऱ्याकडं बोट केलं,
जराही न हलवता.
"थंय. ह्याच्या पाठसून सरळ. माझा घर आणि दर्या."
मी त्या बोटाच्या रेषेत बघितलं.
मनोरा, झाडं, कुणाच्या तरी गच्चीवरच्या वाळत्या साड्या.
बावीस वर्षं मी त्याच मनोऱ्याकडं तोंड करून
रिक्षा लावत आलोय.

पाचला परत आणलं. सून पायरीवर उभी होती,
हातात पाकीट.
मी विचारलं नाही. भाडं नको म्हटलं,
तर त्यांनी पिशवीतली पुडी काढून
माझ्या सीटखाली कोंबली,
नको म्हणायला वेळच दिला नाही.

मग चार दिवस प्रत्येक गिऱ्हाईक नाक मुरडायचं,
मंगळवारपेठेची एक मावशी तर मध्येच उतरली.
कसला वास येतोय ओ रिक्षात?
समुद्राचा, मी म्हणायचो,
चौपाटीवरनं आलोय न्हवं.